एकाच बाजूने खेळलेली मुले

खो-खोच्या मैदानावर आठ गडी एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. नववा पाठलाग करतो. त्याला मागे फिरायची मुभा नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे जायचीही नाही. पळणारा निसटला की एकच उपाय उरतो, बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि ‘खो’ म्हणायचे. मुलगा कितीही चपळ असो, एकट्याच्या बळावर त्याला डाव मारता येत नाही. कबड्डीत चढाईपटूला अडवायचे तर हातात हात घालून साखळी करावी लागते. ज्या समाजात एकमेकांना शिवणे हाच शतकानुशतके गुन्हा मानला गेला, त्याच समाजातले हे दोन लाडके मैदानी खेळ स्पर्शावर उभे आहेत. शाळेच्या मैदानात खेळाच्या तासाला हे रोज घडते, पण वेळापत्रक ठरवताना सगळ्यात आधी कात्री लागते ती याच तासाला.

मुले एका वर्गात बसली की मैत्री आपोआप होते, असा एक गोड समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर इतर मुलांच्याच वर्गात शिकत होते, पण बसायला वेगळे गोणपाट घ्यायचे आणि पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहान. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे उचलायला मुले धावली, अशी हकीगत त्यांच्या चरित्रांत येते. वर्ग एकच होता, शिक्षक आणि पुस्तकही एकच. तरीही अंतर राहिले. मग मैत्रीला आणखी काय लागते? हा प्रश्न गेली सत्तर वर्षे मानसशास्त्रज्ञ विचारत आले आहेत, त्यांच्या मागून समाजशास्त्रज्ञ आले आणि अलीकडे अर्थशास्त्रज्ञही त्यात उतरले आहेत. त्यांची काही नेमकी उत्तरे भारतातल्या मैदानांवरूनच मिळाली आहेत.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे पूर्वग्रहांवरचे पुस्तक १९५४ साली आले. वेगवेगळ्या गटांतली माणसे नुसती जवळ आल्याने पूर्वग्रह सुटत नाहीत, उलट कधी घट्टही होतात, असे त्याने मांडले. जवळ येण्यातून चांगले काही निघायचे तर त्याने चार अटी सांगितल्या. त्या वेळेपुरता का होईना, सगळ्यांचा दर्जा सारखा हवा. उद्दिष्ट सामाईक हवे. ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी. आणि वरच्यांचा, म्हणजे शाळेच्या बाबतीत मुख्याध्यापक-शिक्षकांचा, या मिसळण्याला उघड पाठिंबा हवा. पन्नास वर्षांनी, २००६ मध्ये, टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी जगभरातले ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत ३८ देशांतली अडीच लाख माणसे होती. निष्कर्ष ऑलपोर्टच्या बाजूने गेला. संपर्काने पूर्वग्रह कमी होतात, आणि चारही अटी पाळल्या गेल्या तर परिणाम अधिक ठळक दिसतो.

या चार अटी घेऊन शाळेत फेरी मारली तर काय दिसते? गणिताच्या तासाला दर्जा सारखा नसतो. पहिला नंबर कोणाचा आणि शेवटचा कोणाचा, हे सगळ्या वर्गाला पाठ असते. उद्दिष्टही सामाईक नसते, कारण ज्याचे मार्क त्याचे. शेजाऱ्याची मदत घेतली तर त्याला कॉपी म्हणतात. याउलट लेझीमच्या पथकात, नाटकाच्या तालमीत, स्काउटच्या तंबूत किंवा हस्तलिखिताच्या कामात या अटी न सांगता हजर असतात. अभ्यासाला पूरक म्हणून ज्यांना दुय्यम मानले जाते, ते उपक्रम या एका बाबतीत अभ्यासाच्या तासापेक्षा सरस ठरतात.

ऑलपोर्टचे पुस्तक आले त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या एका उन्हाळी शिबिरात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफने २२ मुलांवर आपला प्रसिद्ध प्रयोग केला. मुलांचे दोन गट पाडले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत दोन्ही गट एकमेकांचे झेंडे जाळू लागले. नंतर त्यांना एकत्र जेवायला बसवले, सिनेमा दाखवला. भांडणे थांबली नाहीत. शेवटी शिबिराचे पाणी बंद पडले, सामान आणणारा ट्रक अडला, आणि दोन्ही गटांनी मिळून दोर ओढल्याशिवाय तो हलेना, तेव्हा कुठे गट विरघळू लागले. हा प्रयोग आता कमी विश्वासाने सांगितला जातो, कारण भांडणे पेटवण्यात संशोधकांचाच हात होता, हे पुढे उजेडात आले. तरी एक बारकावा उपयोगी आहे. एकत्र सिनेमा पाहण्याने जे झाले नाही, ते एकत्र दोर ओढण्याने झाले. वार्षिक स्नेहसंमेलनात प्रेक्षक म्हणून शेजारी बसलेली आणि पडद्यामागे मिळून नेपथ्य उभारणारी मुले यांच्यातला फरक हाच आहे.

भारतातला सगळ्यात बोलका अभ्यास दिल्लीतला आहे. तिथल्या बड्या खासगी शाळांना सरकारने स्वस्तात जमिनी दिल्या होत्या, आणि २००७ पासून त्या शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखणे भाग पडले. त्यामुळे एकाच शाळेत खालच्या इयत्तांना गरीब वर्गमित्र मिळाले, वरच्या इयत्तांना मिळाले नाहीत. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी हा फरक टिपला. दोन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांवरचा त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितला होता. एका बाजूला वेगाने धावणारा गरीब मुलगा, दुसऱ्या बाजूला हळू धावणारा श्रीमंत मुलगा. शर्यतीआधी जोडीदाराबरोबर खेळण्यात वेळही घालवायचा होता. ज्यांच्या वर्गात गरीब मुले कधी नव्हती, त्यांतल्या अनेकांनी बक्षिसावर पाणी सोडले आणि आपल्यातलाच जोडीदार घेतला. गरीब वर्गमित्रांबरोबर वाढलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण बरेच कमी होते. ती मुले अधिक उदार निघाली, स्वयंसेवेच्या कामात अधिक संख्येने आली. पालकांच्या मनातली भीतीही रावांनी तपासली. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम आढळला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली.

या अभ्यासातली एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही, पण ती महत्त्वाची आहे. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे पाडत. त्यामुळे कोणत्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मूल येईल, हे निव्वळ नावावर ठरे. ज्यांच्या गटात असे मूल आले, त्यांच्यातला बदल अधिक होता. म्हणजे वर्गात सोबती असणे हा एक भाग झाला, हातातल्या कामाचा सोबती असणे हा दुसरा, आणि जास्त गुण दुसऱ्याने आला.

दुसरा अभ्यास क्रिकेटचा. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वाराणसी जिल्ह्यातल्या गावांत वेगवेगळ्या जातींतल्या १,२६१ किशोरवयीन आणि तरुण मुलांना निवडले. काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये घातले. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. मिश्र संघांत खेळलेल्यांची दुसऱ्या जातींतली मैत्री वाढली. इथवर अपेक्षेप्रमाणेच झाले. पण ज्यांना दुसऱ्या जातींचे खेळाडू मुख्यतः समोरच्या संघात भेटले, त्यांच्यात अशी मैत्री कमी झाली. मैदान, चेंडू, पंच सारे तेच असताना बाजू बदलली की निकाल उलटा आला.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष शाळेच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने आपल्या खोलीत लावून ठेवावा, इतका कामाचा आहे. आपल्याकडे बहुतेक शाळांत स्पर्धा ‘अ’ तुकडी विरुद्ध ‘ब’ तुकडी अशा होतात. काही ठिकाणी ‘अ’ तुकडी म्हणजे हुशार, काही ठिकाणी सेमी-इंग्रजी, आणि त्यामागे घरची परिस्थिती आलीच. वस्तीप्रमाणे किंवा गावाप्रमाणे संघ पाडले तर जात आणि धर्मही मागोमाग येतात. अशा सामन्यात मुले एकत्र येतात हे खरे, पण समोरासमोर उभी राहण्यासाठी. संघ कसे पाडले, ही कारकुनी बाब वाटते. प्रत्यक्षात सगळा फरक तिथेच पडतो.

एका संघात असूनही दर्जा सारखा नसेल तर काय होते, हे पुण्याच्या मैदानाने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. पळवणकर बाळू हे त्या काळातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज, चांभार समाजातले. पुण्यात हिंदूंच्या संघाला ते हवे होते ते गोऱ्यांना हरवण्यासाठी. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि बाकीचे आत कपबशीत पीत. विजयांची रास वाढली तशी ही बंधने सैलावली, पण कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, १९२३ मध्ये. ऑलपोर्टची पहिली अट काय असते, हे समजायला यापेक्षा वेगळे उदाहरण लागू नये. शाळेचा संघ जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्यावर डबे कोण कोणाबरोबर उघडतो, हे पाहणे म्हणूनच शिक्षकाच्या कामात मोडते.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा स्वतःचा मोठा वारसा आहे. तो शोधनिबंधांच्या आधीचा आहे आणि त्यात मतभेदही आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहे उभी केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आज ही विभागणी खटकते. पण त्या काळी मिश्र वसतिगृहात बहुजनांची मुले टिकत नव्हती आणि आधी शाळेत पाय ठेवायला जागा मिळणे हीच निकड होती. त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला. परत आल्यावर ‘आंघोळ केल्याशिवाय जेवण नाही’ असे सांगण्यात आले. त्याने आंघोळीला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. हाच विद्यार्थी पुढे कर्मवीर झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले आणि त्यात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. गांधीजी १९२७ मध्ये तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळाले.

भाऊरावांनी समतेवर प्रवचने दिली की नाही, यापेक्षा त्यांनी मुलांना कामे कशी वाटून दिली हे पाहण्यासारखे आहे. मुले पाळीने स्वयंपाक करत, पाणी भरत, शेतात राबत. भाकरी भाजणारा कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न त्या दिवशीच्या भुकेपुढे मागे पडे. उद्या पाळी आपली आहे, हेही प्रत्येकाला ठाऊक असे. ‘सहशालेय उपक्रम’ हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. काम मात्र तेच होते. समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्परांची गरज आणि पाठीशी ठाम उभा असलेला संस्थाचालक, या साऱ्या गोष्टी तिथे होत्या. ऑलपोर्टचे पुस्तक यायला अजून तीस वर्षे होती.

साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात वेगळी वाट धरली. तिथे ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. हस्तलिखित हा मराठी शाळांचा फार जुना आणि फार गुणी उपक्रम आहे. मोबाइलच्या काळात तो मागे पडला, याची हळहळ वाटायला हवी. एकाला कविता सुचते, दुसऱ्याचे अक्षर मोत्यासारखे, तिसरी चित्र काढते, चौथ्याच्या घरी बाइंडिंगचा व्यवसाय, पाचवीला तिच्या आजीच्या ओव्या पाठ. वर्गात सदैव मागे बसणारा मुलगा मुखपृष्ठावरच्या बैलाला असे पाय देतो की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. परीक्षेत ज्याला काडीची किंमत मिळत नाही, त्या कौशल्याला इथे भाव मिळतो. म्हणून दर्जाची उतरंड एका आठवड्यासाठी का होईना, उलटीपालटी होते. मैत्रीची सुरुवात बहुधा अशा कौतुकाच्या क्षणी होते.

राष्ट्र सेवा दल १९४१ पासून शाखांमधून, शिबिरांतून आणि कलापथकांतून हेच करत आले. जातिधर्माच्या भिंती ओलांडून मुलामुलींना एका मैदानात आणायचे, लेझीम, गाणी, श्रमदान करायचे, हा त्यांचा शिरस्ता. नाभिक समाजातले आपले जगणे ‘रामनगरी’तून सांगणारे राम नगरकर आणि निळू फुले यांची दोस्ती सेवा दलाच्या कलापथकातली. तालमी आणि दौरे यांतून जमलेली ती जोडी पुढे मराठी रंगभूमीला मिळाली.

नाटकाबद्दल थोडे थांबून बोलावे लागेल, कारण मैत्रीच्या दृष्टीने बालनाट्याची तालीम हा सर्वांत समृद्ध उपक्रम आहे. खेळात संघ नऊ-अकरांचा, आणि शरीर चपळ हवे. नाटकात भूमिका करणारे चार, पण प्रकाश, पार्श्वसंगीत, वेशभूषा, नेपथ्य, पडदा, प्रॉम्प्टिंग या सगळ्यांना माणसे लागतात. लाजाळू मुलाला, अडखळत बोलणाऱ्या मुलीला, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला, मराठी नुकती शिकणाऱ्या मुलीला इथे जागा मिळते. शिवाय दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडून म्हणायचे असते. रत्नाकर मतकरी यांनी २०१४ मध्ये ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडली आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती उचलली. वस्त्यांमधली मुले आपल्याच आयुष्यातल्या गोष्टी नाटिकांतून उभ्या करू लागली. ठाण्यातल्या नाट्यरसिकांनी ती नाटके पाहिली. ज्यांच्याविषयी इतर बोलतात ती मुले स्वतः बोलू लागली, हे मोठेच झाले. पुढचे पाऊल शाळांनी उचलायचे आहे. वस्तीतली आणि सोसायटीतली मुले एकाच नाटकाच्या तालमीला बसली पाहिजेत.

स्काउट चळवळीचा जन्मच अशा मिसळीतून झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेलने ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हा विसेक मुलांपैकी काही इंग्लंडच्या महागड्या शाळांतली आणि काही कामगार घरांतली होती. त्यांना छोट्या तुकड्यांत मिसळून वाटले होते. तीच रचना आजही आहे. सहा-आठ जणांची तुकडी, तिचा मुलांमधूनच निवडलेला नायक, चूल पेटवण्यापासून तंबू ठोकण्यापर्यंत वाटून घेतलेली कामे. गणवेश सर्वांचा एक असल्याने घरच्या कपड्यांतला फरकही दिसेनासा होतो. भारतात मात्र या चळवळीला सुरुवातीला काळ्या-गोऱ्याचा अडसर होता. सरकारी स्काउट पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. अॅनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांनी स्वतंत्र संघटना काढल्या, आणि १९५०-५१ मध्ये सगळे प्रवाह ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’मध्ये एकत्र आले.

जवाहर नवोदय विद्यालयांची रचना या विषयात वेगळी नोंद घेण्याजोगी आहे. पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावती जिल्ह्यातले, दुसरे हरियाणातल्या झज्जरचे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. निवासी शाळा, त्यामुळे मैदान आणि भोजनगृह सगळ्यांचे एकच. मुले अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी या चार सदनांत विभागलेली. नववीतल्या ३० टक्के विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या विद्यालयात पाठवण्याची योजनाही आहे. हिंदी मुलखातला मुलगा महाराष्ट्रात येतो, इथला तिकडे जातो. पहिल्या महिन्यात भाषेच्या तासाला त्याची दातखीळ बसते. व्हॉलीबॉलच्या कोर्टवर ‘माझा!’ म्हणून ओरडायला फारसे व्याकरण लागत नाही. सदनाच्या समूहगीतात शब्द कळण्याआधी चाल बसते. नव्या भाषेत मित्र आधी होतो आणि भाषा त्याच्या मागून येते, असा हा क्रम आहे.

मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून शाळा चालवते. अनेक इमारतींत वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा एकमेकींच्या डोक्यावर भरतात. मराठी शाळेचे स्नेहसंमेलन वेगळे, उर्दू शाळेचे वेगळे. जिना एक आणि पाण्याची टाकी एक असूनही मुले एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. एकत्रित वाद्यवृंद, चित्रांची एकच भिंत, दोन्ही शाळांतून पाडलेले मिश्र कबड्डी संघ, यांतले काहीही सुरू करायला नवी इमारत किंवा नवा निधी लागणार नाही. दोन मुख्याध्यापकांनी एकदा एकत्र बसायला हवे, एवढेच.

मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने २०१२ च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. हिंदू, मुस्लिम, दलित अशा वेगवेगळ्या घरांतल्या मुली एका संघात आल्या. पहिली अडचण धर्माची नव्हतीच. मैदान मुलग्यांच्या ताब्यात होते. मुलींनी सह्यांची मोहीम चालवून आपल्यासाठी हक्काच्या मैदानाची मागणी केली. सामना जिंकण्यापेक्षा मोठे सामाईक उद्दिष्ट त्यांना असे मिळाले. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल उभा केला. त्यावरचा ‘झुंड’ हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट अनेकांनी पाहिलेला आहे. त्यात दिसणारी महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत कितीतरी शाळांना आहे, आणि शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाला कुलूप लागते.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत स्पेशल ऑलिम्पिक्सची ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ ही पद्धत अनुकरणीय आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात उतरतात आणि खेळताना दोघांवाचून अडते. मदतनीस आणि मदत घेणारा, हे नाते मैत्रीचे नसते. क्रीडादिनी दिव्यांग मुलांची वेगळी शर्यत लावून टाळ्या वाजवणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावे.

आता या चित्राची दुसरी बाजू. मैदानावरची मैत्री मैदानाबाहेर कितपत जाते? इराकमध्ये आयसिसच्या हल्ल्यातून वाचलेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत संशोधक साल्मा मूसा यांनी तीन-चार मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत आशा आणि मर्यादा दोन्ही आहेत. हे ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव नोंदवायला तयार झाले, सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करत राहिले. पण मुस्लिमबहुल मोसुलमधल्या उपाहारगृहात जाण्याइतका बदल त्यांच्यात दिसला नाही. सहखेळाडूवर विश्वास बसतो, त्याच्या साऱ्या समाजावर बसायला वेळ लागतो. एका क्रिकेट लीगने जात जाईल, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ जेम्स मूडी यांचा २००१ चा अभ्यास दीर्घ पल्ल्याची दिशा दाखवतो. १९९४-९५ मधल्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणातली शाळांची माहिती तपासताना त्यांना आढळले, की मुले निव्वळ संख्येने मिश्र असलेल्या शाळांत वंशानुसार कंपू पडतच होते. ज्या शाळांत क्लब, संघ आणि वाद्यवृंद यांमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुले खरोखर मिसळलेली होती, तिथे मैत्रीतली ही फाळणी कमी होती.

भारताच्या कायद्याला हे मुद्दे अनोळखी नाहीत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आल्या. त्याच वर्षीच्या केंद्राच्या नमुना नियमांत दोन स्पष्ट कलमे आहेत. या मुलांना वर्गात वेगळे बसवायचे नाही, आणि पाठ्यपुस्तके, गणवेश, ग्रंथालय यांच्याबरोबरच अभ्यासेतर उपक्रम व खेळ यांतही भेदभाव करायचा नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. हा निकाल योग्यच होता. ही मुले एका आवारात आलीच नसती, तर त्यांना एका संघात कुणी घातले असते?

प्रवेश झाला तरी उपक्रमांचा खर्च मधे येतो. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी भाड्याचा पोशाख, स्केटिंगची चाके, सहलीची वर्गणी, स्पर्धेचा प्रवास. गरीब घरातले मूल ‘मला आवडत नाही’ असे सांगून बाजूला होते आणि शिक्षक त्यावर विश्वास ठेवतात. शालेय सहलींना एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, तरी पंचतारांकित रिसॉर्टच्या सहली काढणाऱ्या शाळा आहेत. वनभोजनाला चूल, तांदूळ आणि चालत जाण्याइतके अंतर पुरते. शिवाय तिथे भात करपला तर तो सगळ्यांचा करपतो.

निवड हा दुसरा अडथळा. नाचात नेहमीच्याच मुली पुढे, वक्तृत्वात शिक्षकांनी भाषण लिहून दिलेला एकच मुलगा, संघात खासगी प्रशिक्षण घेणारेच. शाळेला ढाल हवी असते, म्हणून गुणवंतांची निवड होते, आणि उरलेले टाळ्या वाजवतात. तालुका-जिल्हा स्तरावर जाणारा संघ निवडूनच जाणार, त्यात गैर काही नाही. पण शाळेच्या आत प्रत्येक मुलाला वर्षभर एखाद्या तरी गटात काम मिळालेच पाहिजे. सिंगापूरमध्ये माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला असा एक उपक्रम सक्तीचा आहे, आणि वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांनी एकत्र यावे हा त्यामागचा जाहीर हेतू आहे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्या दिवशी सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली काम करताना गट कसे पाडायचे, हे मात्र शाळेच्याच हातात आहे. ते मित्रामित्रांनी पाडले, तर ती संधी वाया जाईल.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होताना मुख्याध्यापकांनी एवढे करावे. सदने, संघ आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि ते किमान एक वर्ष मोडू नयेत. नायकपद पाळीने द्यावे. सराव शाळेच्या वेळेत घ्यावा, कारण संध्याकाळी पाचनंतरच्या सरावाला वाडीवस्तीवरची मुलगी थांबू शकत नाही. आणि पालकांनी पहिल्या सभेत ‘आमच्या मुलाचा नंबर कितवा’ हे विचारण्याआधी ‘त्याच्या गटात कोण कोण आहे’ हे विचारावे. त्या नावांपैकी एकाला दिवाळीच्या सुट्टीत घरी फराळाला बोलवावे.